बाय, नाव घेऊ का?

रविवार, ९ नोव्हेंबर

गोवर्धन, तुझ्या छातीतली जळजळ कशी आहे? सूनबाई स्मिता, पाठ दुखायची राहिली का? रुतिका बाय, तुझ्या डोळ्यांखाली काळं दिसतंय, झोप नीट होते ना? पहिल्या मजल्यावरच्या भाडेकरणीच्या बाळा, तुझा खोकला गेला का? आणि माझ्या डाव्या गुडघ्या, तू कसा आहेस रे मेल्या?

ही सगळी माणसं याच घरात आहेत. हाक मारली तर ओ देतील. पण क्षिप्राने वही हातात दिली आणि मला सुरुवातच सुचेना. लिहायचं म्हणजे मला एकच ठाऊक, पत्र. आणि पत्र तब्येत विचारल्याशिवाय पुढे सरकत नाही.

क्षिप्रा ही रुतिकाची वर्गमैत्रीण. सेक्टरातल्या टॉवरमध्ये अकराव्या मजल्यावर राहते. दोघी मिळून कॉलेजसाठी गाण्याचा व्हिडिओ करणार आहेत. हे शेवटचं काम, डिसेंबरात त्यांचा डिप्लोमा संपतो. सरांचा नियम असा की व्हिडिओत जो जो काम करील त्याने रोजची वही लिहायची. म्हणून मीही.

कारण गाणं माझं. धवला.

आमच्या आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण लागते. हळद, तेल, मांडव, प्रत्येक वेळेचं गाणं ती गाते आणि त्यात नवरानवरीची नावं गुंफते. मी चाळीस वर्षं गायले. तीनशेवर लग्नं झाली असतील, घणसोलीपासून पार दिवा गावापर्यंत. माझी जोडीदारीण वारली, डीजे आला, आणि चार वर्षांत मला एक बोलावणं नाही. म्हणून रुतिकाने जेव्हा विचारलं, "आजी, तू गाशील?" तेव्हा मी पोळपाट तसाच सोडून उठले. गुडघ्याचं भान राहिलं नाही, मग खाली बसले ती भिंतीला धरून.

बुधवार, १२ नोव्हेंबर

क्षिप्राने विचारलं, "आजी, तुम्ही शाळेत गेलात का?"

शाळा कसली. बापाबरोबर मिठागरात होते. वाचायला शिकले ती लग्नपत्रिकांवर. विशीत असताना एका लग्नात नवऱ्याच्या चुलत्याने ताडी पिऊन मला थोरल्या भावाचं नाव सांगितलं, आणि मी भर मांडवात नवरीला तिच्या जेठाशी लावून टाकली! बायका हसल्या, नवरी रडली, वऱ्हाड माझ्या अंगावर धावून आलं. तेव्हापासून कानगोष्टीवर भरवसा नाही. पत्रिका मागून घ्यायची, अक्षरं जुळवायची. र ला र, म ला म. असं करत वाचायला लागले, मग पेपर, मग दुकानांच्या पाट्या, मग औषधाच्या बाटल्या.

आणखी एक सवय तेव्हापासून लागली. गाण्याआधी नवरीच्या कानाशी जायचं आणि विचारायचं, "बाय, नाव घेऊ का?" ती मान हलवते, मग मी तोंड उघडते. हे मला कोणी शिकवलं नाही. पण माझ्याबद्दल गावात माहीत आहे, पुतळाबायच्या तोंडून खोटं नाव निघत नाही. तिने गायलं म्हणजे लग्न पक्कं.

क्षिप्रा म्हणाली, "आजी, हे सगळं लिहून ठेवा." बरं.

तिच्या वहीत चौकोन चौकोन आखून चित्रं काढलेली आहेत. नवरी आमच्या गल्लीतून चालते. आमची गल्ली ती केवढी, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने पोट आत घ्यायचं. माझ्या खोलीच्या खिडकीतून हात काढला तर शेजारच्या भिंतीला लागतो. त्या चित्रात नवरी चालतेच आहे, चालतेच आहे.

मी म्हटलं, "पोचते कधी?"

"पोचत नाही ना आजी. तेच तर आहे. गल्ली संपतच नाही."

"संपत कशी नाही? पुढे नाका हाय. तिथे रिक्षा भेटते."

क्षिप्रा पोट धरून हसली. रुतिका हसली नाही. म्हणाली, "तुला मस्करी वाटते आजी. एखादीला नाही सापडत नाका."

पोरीला कामाचं फार टेन्शन आहे.

शनिवार, १५ नोव्हेंबर

तळवलीचे ज्ञानूशेठ येऊन गेले. त्यांचा धाकटा भावेश रबाळ्याला कारखान्यात सुपरवायझर आहे. पोरगा निर्व्यसनी, अंगाने बारीक, बोलणं कमी. आपल्या रुतिकासाठी विचारत होते. ठरलेलं काही नाही, नुसतं चहापाणी. मला बरा वाटला. तळवली काय, इथून हाक मारली तर ऐकू जाईल.

रुतिकाने चहा दिला आणि आत गेली ती आलीच नाही. लाजली असेल.

सोमवार, १७ नोव्हेंबर

तांदळाच्या पिंपामागे झुरळाची पूड टाकायला वाकले, तर तिथे बॅग. उघडून बघितली. रुतिकाचे चार ड्रेस, कानाला लावायची ती मोठी यंत्रं, वायरी, आणि दोन स्वेटर. नवे कोरे. घणसोलीत स्वेटर घालून कोण फिरतं? शूटिंगमध्ये थंडी दाखवायची असेल.

सूनबाईला सांगितलं. ती म्हणाली, "शूटिंगचंच असेल, आई. तिथेच राहू द्या. ह्यांना नका बोलू, उगाच खर्चाचं काढतील." आणि कणीक मळायला लागली. कणीक सकाळीच मळून झालेली होती.

गुरुवार, २० नोव्हेंबर

आज तालीम. क्षिप्राने विचारलं, नावं कुठली घ्यायची?

"राजा आणि राणी घ्या," ती म्हणाली. "कुठलीही चालतील."

मी राजा-राणी म्हणून बघितलं. जीभ अडली. दगड चघळल्यासारखं. तीनदा प्रयत्न केला, चाल सुटते, श्वास चुकतो. नाव म्हणजे माणूस लागतो हो! नुसता शब्द कसा गाणार?

रुतिका म्हणाली, "माझंच घे. नवरी मी आहे ना. आणि नवऱ्याच्या जागी गुणगुण."

तेवढ्यात गोवर्धन दाढी करत होता तिथून बोलला, "आये, चाळीस वर्सं खोटं नाव घेतलं नाय तू. आता कॅमेऱ्यासमोर घेशील? लोक काय बोलतील?"

माझ्या पोराला माझ्या कामाची किती कदर! मला भरून आलं.

रविवार, २३ नोव्हेंबर

आज शूटिंग. हात दुखतोय, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आधी गल्लीतलं उरकलं. ते मी बघितलं नाही, नवरात्रापासून मी जिना उतरलेली नाही. आमचा जिना लोखंडी, उभाच्या उभा, शिडीच म्हणा. नुसतं ऐकलं. क्षिप्रा ओरडत होती, "भय्या, दोन मिनिटं स्कूटर थांबवा ना!" आणि तो म्हणे, "मॅडम, मेरी डिलिव्हरी कौन करेगा, आप?" अकरा वेळा चालवली म्हणे पोरीला, त्याच गल्लीतून, मुंडावळ्या बांधून.

मग गच्चीवर. एक मजला चढायला मला पाव तास लागला. सूनबाईने मागून ढकललं, क्षिप्राने वरून ओढलं. पाटावर रुतिका बसली. पिवळी साडी, हळद लावलेली. चार बायका शेजारच्या आल्या. ऊन उतरायला आलं होतं. क्षिप्रा म्हणाली, "आजी, उजेड जाईल. एकाच टेकमध्ये करू."

मी तोंड उघडलं.

काय सांगू! चार वर्षांनी समोर पाट, पाटावर नवरी, हळदीचा वास. शूटिंग आहे हेच विसरले. गळा असा सुटला, जसा काही कोणी आतून धरून ठेवला होता. देव बोलावले, वाडवडील बोलावले, आणि नावाची जागा आली. गुणगुणायचं होतं. पण तिथे जीभ थांबत नाही, पाण्याला उतार मिळाल्यासारखं होतं. आणि डोक्यात त्या आठवड्यात एकच मुलगा होता.

*अंगनी उभा मांडव, दारी पानाचा तोरन,*
*रुतिका बायचे हाताला भावेश बांधतो कंकन.*

बायकांनी उचलून धरलं. एकीने तर टाळी दिली.

रुतिका रडायला लागली. काय रडली! आवाज नाही, काही नाही, नुसतं डोळ्यांतून पाणी हळदीवरून खाली. मी मनात म्हटलं, कॉलेजात काय काय शिकवतात, अगदी खऱ्यासारखं. क्षिप्राने कॅमेरा बंदच केला नाही. मग तिने रुतिकाकडे बघितलं आणि केला.

"आजी, ते नाव," क्षिप्रा म्हणाली.

"निघून गेलं गो तोंडातून."

"हरकत नाही. मी कापते एडिटमध्ये." तिने रुतिकाचा हात धरला होता. "कापते गं. कुणाला कळणार नाही."

गोवर्धनसुद्धा वर होता, पाण्याच्या टाकीजवळ. मोबाइल हातात. आईचं कौतुक बघायला आला.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

गुडघ्यात पाणी झालंय. पडून आहे.

बुधवार, २६ नोव्हेंबर

आज सकाळपासून फोनच फोन! गोवर्धनने त्याच्या मोबाइलवर घेतलेलं माझं गाणं भावकीच्या ग्रुपवर टाकलं होतं. तिथून ते कुठे कुठे गेलं, बोनकोडे, कोपरखैरणे, उरणपर्यंत. "पुतळाबाय, तुमी हाव अजून? आमाला वाटलं..." काय वाटलं ते मी विचारलं नाही. तीन लग्नांची बोलावणी आली. तीन! एक जानेवारीतलं, दोन फेब्रुवारीतली. डीजेवाल्याला रात्रीचं ठेवतो, हळदीला तुम्हीच पाहिजे, म्हणाले.

रुतिकाला सांगायला आतल्या खोलीत गेले. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. पोटात दुखतंय म्हणाली. ओवा दिला.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

ज्ञानूशेठचा फोन. मीच घेतला.

"पुतळाबाय, आमी इकडं इचार करत बसलेलो, आन् तुमी तर गाऊन मोकल्या झाल्या!" खुशीत हसत होते. "तुमच्या तोंडून नाव निघालं, आता आमाला इचारायचं काय राह्यलं? येत्या रविवारच्या पुढल्या रविवारी सुपारी फोडून टाकू."

मी म्हटलं, "शेठ, ते पोरींच्या कॉलेजचं..."

"कालेजचं असंल. पन गायल्या तुमी ना?"

गायले मीच.

फोन ठेवला तर दारात रुतिका. तिने सगळं ऐकलं होतं. ओरडेल, भांडेल असं वाटलं. ती माझ्याजवळ येऊन बसली आणि माझ्या गुडघ्याला तेल चोळायला लागली. बराच वेळ चोळत होती. मग म्हणाली, "आजी, पिंपामागची बॅग तू बघितलीस ना?"

"बघितली. शूटिंगची."

"पुण्याला एक स्टुडिओ आहे. आवाज रेकॉर्ड करायचं काम शिकवतात, पगार पण देतात. माझं सिलेक्शन झालंय. एक जानेवारीपासून. मी बाबांना सांगायची हिंमत गोळा करत होते."

"आणि भावेश?"

"भावेश वाईट नाही गं आजी. मला नको आहे, एवढंच."

तेलाचा हात तिने साडीलाच पुसला. माझ्या साडीला. लहानपणी पुसायची तसा.

रविवार, ३० नोव्हेंबर

सरांना ही वही द्यायची नाही. आता पुढचं माझ्यापुरतं.

गोवर्धनला समोर बसवलं. विचारलं, गाणं ग्रुपवर का टाकलंस?

"तुझं कौतुक म्हणून टाकलं."

"आणि दाढी करताना मला जे बोललास? खोटं नाव घेशील का म्हणून?"

तो म्हणाला, "आये, ती माझं ऐकत नाय. तिच्या आईचं नाय. फक्त तुझं ऐकते. तू गायलीस तर ती परत फिरणार नाय, मला माहीत होतं." आणि मग हळू आवाजात, "एकुलती एक पोर. पुण्याला जाईल, मग आनखी पुढं जाईल. तळवलीला असली तर सनासुदीला दिसल तरी."

म्हणजे त्याला बॅगेचं माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं. मीच एक थंडीचं शूटिंग समजत बसले होते.

गोवर्धन वाईट नाही. त्याला पोर दूर जाण्याची धास्ती आहे. पण आईच्या तोंडाचा सापळा केला त्याने, आणि मी दाणा बघून आत शिरले.

मिठागरात बाप भरतीचं पाणी आत घ्यायचा. खाच उघडायची, पाणी आत येतं, मग चिखलाने खाच बुजवायची. आत आलेलं पाणी परत खाडीत जात नाही. तिथेच उन्हात बसतं आणि त्याचं मीठ होतं. लहानपणी मी बापाला विचारायची, त्याला जायचं असेल तर? बाप म्हणायचा, पाण्याला कोण इचारतं?

तीन दिवस झाले, खिडकीशी बसून समोरची भिंत बघतेय. तिच्यावर पाइपाच्या गळतीचा ओघळ आहे. आता मला तो तोंडपाठ झाला.

बुधवार, ३ डिसेंबर

क्षिप्रा आली होती. रुतिका तिच्याशीही बोलेना, म्हणून ती माझ्याजवळ बसली. तिचे डोळे भरलेले. "आजी, माझ्यामुळे झालं. मी दुसरा टेक घ्यायला हवा होता."

"उजेड जात होता ना गो."

"तुम्ही सरळ सांगा ना सगळ्यांना. ते खोटं होतं म्हणून. ॲक्टिंग होती. संपलं!"

तिच्या अकराव्या मजल्यावरून सगळं सरळ दिसत असेल. तिला कसं समजावू?

मी म्हटलं, नाव खरं होतं, तर रुतिका बांधली गेली. नाव खोटं होतं म्हणाले, तर पुतळाबायच्या तोंडून खोटं नाव निघतं असं झालं. मग मला गायला कोण बोलावील? आणि मागची तीनशे लग्नं? त्यातली एखादी सून उद्या सासूला म्हणेल, माझं तरी नाव खरं गायली होती का ती?

क्षिप्राने विचारलं, "आजी, तुम्ही नवरीला कानात विचारता ना गाण्याआधी?"

"विचारते."

"मग रुतिकाला विचारलं होतं?"

पोरीने सहज विचारलं. तिच्या मनात काही नव्हतं. पण माझ्या अंगावर कोणी गार पाण्याची बादली ओतल्यासारखं झालं.

नाही विचारलं. तीनशे परक्या पोरींच्या कानाशी गेले, आणि घरची पोर पाटावर बसली तर तिच्या कानाशी जायला विसरले. घरचीच आहे, तिला काय विचारायचं, असंच ना? माझ्या वेळी मला तरी कोणी विचारलं होतं?

गुरुवार, ४ डिसेंबर

जानेवारीच्या लग्नाची पत्रिका आली. कोपऱ्यात छापलंय, धवलारीण : श्रीमती पुतळाबाई. छापील नाव माझं पहिल्यांदा बघितलं. र ला र जुळवून नाही, एका नजरेत वाचलं. उशीखाली ठेवली आहे.

रविवार, ७ डिसेंबर

तळवलीची माणसं अकरा वाजता आली. ज्ञानूशेठ, त्यांच्या घरच्या दोन बायका, भावेश, दोघे भाऊबंद. आमच्या त्या एवढ्याशा खोलीत माणसावर माणूस. नारळ, साखर, सुपारीचं ताट. सूनबाईने पंखा मोठा केला तरी सगळे घामाघूम.

रुतिकाला बाहेर आणून पाटावर बसवली. हिरवी साडी. तिने एकदा माझ्याकडे बघितलं. विनवणी नव्हती त्यात, रागही नव्हता. गल्लीतून अकराव्यांदा चालताना दमलेलं माणूस बघतं तसं.

ज्ञानूशेठ म्हणाले, "पुतळाबाय, सुरुवात तुमीच केली, आता धवल्याच्या दोन वली गा, म्हंजे सुपारी फोडू."

मी भिंतीला धरून उठले. गुडघा कुरकुरला. गोवर्धन हात द्यायला आला, मी घेतला नाही. रुतिकाच्या पाटाशी गेले, वाकले आणि तिच्या कानाशी तोंड नेलं. पण बोलले सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"बाय, नाव घेऊ का?"

खोलीत पंख्याचा आवाज.

तिचे ओठ हलले, आवाज नाही. मी थांबले. मला घाई नव्हती. चाळीस वर्षं मी मान हलायची वाट बघते, आणखी एक घटका.

"नको, आजी," ती म्हणाली.

मी सरळ झाले. "शेठ, ऐकलंत ना? मागल्या येळेला मी हे इचारलं नव्हतं. न इचारता गायली. म्हंजे माझ्या तोंडचं नाव खोटं होतं."

"खोटं?" ज्ञानूशेठचा चेहरा तांबडा झाला. "पुतळाबाय, धवलारनीच्या तोंडी खोटं? माझ्या थोरल्याच्या लग्नाला तुमीच गायल्या. तेपन खोटंच धरू का आमी?"

"त्याच्या बायकोला इचारलं होतं. ती हो बोलली होती. घरी जाऊन तिलाच इचारा."

"लोकांना काय सांगू मी? गावभर गानं वाजलंय!"

"सांगा, म्हातारी खोटं गायली. पोरीला नावं ठेवू नका. मना ठेवा, म्हातारीला."

गोवर्धन खाली बघत होता. एक बाई कुजबुजली, "आता हिला कोन बोलवतंय मांडवात." हळू बोलली, पण एवढ्याशा खोलीत हळू कुठलं.

ज्ञानूशेठने ताट उचललं. माणसं जिना उतरायला लागली. भावेश सगळ्यांत शेवटी. दारापर्यंत गेला, मागे आला, माझ्या पाया पडायला वाकला आणि कोणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाला, "आजी, मनापन कोनी इचारलं नव्हतं."

एवढं बोलून गेला. मी त्याला पाणीही दिलं नाही, याची रुखरुख लागली आहे.

सोमवार, ८ डिसेंबर

गोवर्धन माझ्याशी बोलत नाही. जेवणाचं ताट समोर ठेवतो, पण बोलत नाही.

शनिवार, १३ डिसेंबर

तिन्ही बोलावणी परत गेली. दोघांनी फोन केला, एकाने तोही नाही. जानेवारीवाले म्हणाले, "काकी, घरातले मोठे आयकत नाय हो." वाईट वाटून घेऊ नका म्हणाले. मी म्हटलं, नाही घेत.

उशीखालची पत्रिका काढून वहीत ठेवली.

सूनबाईने आज तांदळाच्या पिंपामागची बॅग सगळ्यांसमोर ओढून बाहेर काढली, झटकली, आणि त्यात एक तिसरा स्वेटर घातला. गोवर्धन बघत होता. ती म्हणाली, "पुण्याला गारठा असतो." लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण नवऱ्यासमोर एवढ्या मोठ्याने बोलताना मी तिला पहिल्यांदा ऐकलं. पहिले दोन स्वेटर कोणी आणले होते, तेही तेव्हाच कळलं.

शनिवार, २० डिसेंबर

क्षिप्रा लॅपटॉप घेऊन आली. व्हिडिओ झाला. सगळे बसून बघितला. गोवर्धनसुद्धा आला, दारात उभा राहून.

आमची गल्ली पडद्यावर आणखी अरुंद दिसते. नवरी चालते. वर वायरी, खाली गटार, दोन्ही अंगाला भिंती. माझा गळा मागून येतो. आणि नावाची जागा आली तिथे क्षिप्राने माझा आवाज कापलेला आहे. तिथे काही नाही. नुसता माझा श्वास, आणि रुतिकाचा चेहरा, हळदीवरून पाणी. मग गाणं पुढे सुरू होतं.

सर म्हणे त्या जागेवर फार खूश झाले. विचारत होते, कसं सुचलं?

"काय सांगितलंस?" मी विचारलं.

"म्हटलं, सुचलं नाही सर. चूक झाली होती, ती काढली."

गोवर्धन दारातून म्हणाला, "आवाज बरा पकडलाय." मग रुतिकाकडे न बघता, "ते कानाचं यंत्र ओलं होऊ देऊ नको तिकडे." आणि गेला. पोर रडली. या वेळी मला कळलं ते खरं रडणं होतं. मागच्या वेळीही खरंच होतं, पण तेव्हा मी गाण्यात होते.

रविवार, २८ डिसेंबर

रुतिका बाय,

ही वही तुझ्या बॅगेत तिन्ही स्वेटरांच्या खाली ठेवते आहे. पुण्याला पोचल्यावरच उघड.

उद्या सकाळी तू जाशील. मी जिना उतरून यायची नाही. गुडघा म्हणतो, नाही. खिडकीतून मला भिंतच दिसते, हे तुला ठाऊक आहे. म्हणून एक कर. बॅग उचलून नेऊ नको. पायरीपायरीवर आपटत ने. आवाज पकडणारी तू, मीही थोडा पकडीन. जिना संपला की कळेल, मग गल्लीत चाकांची खडखड येईल, मग तीही थांबेल. थांबली की समजेन, नाका आला. तिथे रिक्षा भेटते, मी आधीच सांगितलं होतं.

मी इथेच आहे. चिखलाने बुजवलेली खाच मला काही उघडत नाही, आणि आता ते वय नाही. पण रडू नको माझ्यासाठी. तुझ्या कानाशी यायला मला दोन आठवडे उशीर झाला. तू "नको" म्हणालीस ना, तीनशे लग्नांत तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला. बाकीच्या पोरींनी मान हलवली ती मनापासून, की मांडव उभा होता म्हणून, हे आता मला कोण सांगणार? रोज एकेकीचा चेहरा आठवत बसते.

तिथे खोली कशी आहे? खिडकी आहे का, आणि तिच्यातून काय दिसतं? पाणी वेळेवर येतं का? सोबतीण कशी आहे, घोरते का? तुझं पोट कसं आहे, ओवा बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात आहे. बापाला फोन कर, तो करायचा नाही, तूच कर.

मला मात्र फोन नको. कागदावर लिही. लग्नपत्रिका आता येत नाहीत, आणि वाचायची सवय मोडली तर अक्षरं परत जायची. पाठीमागे कोरी पानं पुष्कळ आहेत, त्यातलंच एक फाड. चार ओळी झाल्या तरी चालतील, पण लवकर लिही गो बाय.

तुझी आजी,
पुतळाबाई